मोहफुलांचा हंगाम आणि मार्चअखेर

आदिवासी भागासाठीच्या शासकीय अनुदानाविषयी चर्चा निघाली की किती कोटी मंजूर झाले आणि किती खर्ची पडले, या दोनच आकड्यांभोवती ती फिरत राहते. गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागातील काही ग्रामसभांना हिशेब लिहिण्यास मदत करण्याचे काम मी गेली काही वर्षे करीत आहे. त्या वह्या चाळताना माझे एक मत हळूहळू पक्के होत गेले आहे. गावाच्या अर्थकारणासाठी आलेला पैसा कामी येईल की वाया जाईल, हे रक्कम किती मोठी आहे यापेक्षा ती कोणत्या महिन्यात आली आणि कोणाच्या खात्यात जमा झाली, यावर अधिक ठरते.

जंगलावर जगणाऱ्या गावाचे आर्थिक वर्ष शासनाच्या वर्षाशी जुळत नाही. बांबूची तोड पावसाळा सरल्यावर सुरू होते. थंडी ओसरता ओसरता तेंदूची खुटकटाई करावी लागते, कारण झुडपे छाटल्याशिवाय मे महिन्यात विडीला चालणारे कोवळे पान मिळत नाही. मार्चच्या मध्यापासून मोहफूल पडू लागते आणि मग एप्रिलभर पहाटेपासून सारे घर झाडाखाली असते. त्यामागोमाग चारोळी येते, आणि मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्याच्या आसपास तेंदूपत्ता संकलनाचे जेमतेम पंधरा दिवस. घरातील वर्षाच्या रोकडीचा मोठा वाटा या चार महिन्यांत ठरतो. शासनाचे वर्ष मात्र ३१ मार्चला मिटते. फेब्रुवारी-मार्चमध्ये निधी वितरणाची घाई, शेवटच्या रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी कोषागारे, आणि त्यानंतर नव्या वर्षाची तरतूद तालुक्यापर्यंत झिरपेपर्यंत जाणारे काही महिने, हा क्रम सरकारी कार्यालयाशी ज्याचा संबंध आला आहे त्याला ठाऊक असतो. ज्या आठवड्यांत गावाला रोकड लागते, नेमक्या त्याच आठवड्यांत जुना निधी संपलेला आणि नवा न आलेला असतो.

मोहाच्या जाळ्यांचे उदाहरण मी जवळून पाहिले आहे. मोहफूल वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवून जमीन साफ करण्याची जुनी पद्धत आहे. त्यातून पुष्कळदा वणवा लागतो, आणि फुलाला राख-माती लागून त्याचा भावही पडतो. झाडाखाली चार खुंट्यांना जाळी बांधली, की फूल वरच्या वर झेलले जाते, स्वच्छ राहते, आणि वयस्कर बायकांचे दिवसभर वाकून वेचणेही वाचते. एका ग्रामसभेने या जाळ्यांसाठी दिवाळीच्या सुमारास ठराव केला, अर्ज दिला, प्रस्ताव मंजूरही झाला. जाळ्या गावात पोचल्या त्या पावसाच्या तोंडावर. वाटपाच्या वेळी एका आजींनी विचारले, "फूल पडते चैतात अन् जाळी येते जेठात, मंग हे जाळी बांधाची कोठी जी?" वाटपाला आलेल्या माणसाजवळ याचे उत्तर नव्हते, आणि खरे तर त्याचा दोषही नव्हता. कागदावर लाभार्थ्यांची यादी पूर्ण झाली, सह्या-अंगठे झाले, निधी शंभर टक्के खर्ची पडला. पुढचा हंगाम येईपर्यंत त्यांपैकी पुष्कळ जाळ्या भाजीच्या वाफ्यांभोवती कुंपण म्हणून लागल्या होत्या. माणसाने हाताशी असलेली वस्तू गरजेप्रमाणे वापरली, यात मला काही गैर वाटत नाही.

हा पैसा येतो कोठून, हे येथे सांगितले पाहिजे, कारण पुष्कळ सुशिक्षित माणसेही त्याला सरकारची मेहेरबानी समजतात. अनुसूचित जमातींच्या कल्याणासाठी आणि अनुसूचित क्षेत्रांच्या प्रशासनाची पातळी उंचावण्यासाठी केंद्राने राज्यांना सहायक अनुदान द्यावे, अशी तरतूद संविधानाच्या अनुच्छेद २७५(१) मध्येच आहे, आणि ती रक्कम भारताच्या एकत्रित निधीवर भारित आहे, म्हणजे तिला संसदेच्या मतदानाची गरज नसते. पाचव्या पंचवार्षिक योजनेपासून आदिवासी उपयोजना, म्हणजे योजना खर्चातील आदिवासींसाठी वेगळा काढलेला वाटा, सुरू झाली. महाराष्ट्राने सुकथनकर समितीच्या शिफारशीनंतर १९९३-९४ पासून राज्याच्या योजना खर्चातील सुमारे नऊ टक्के वाटा आदिवासी विकास विभागाच्या हाती देण्याची पद्धत स्वीकारली. त्याआधी प्रत्येक खाते आपापल्या खर्चातील काही भाग आदिवासींसाठी झाला असे दाखवीत असे. मोठ्या धरणाचा किंवा महामार्गाचा काही हिस्साही अशा हिशेबात मोजता येत होता, त्याला या बदलाने बराच आळा बसला. राज्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण २०११ च्या जनगणनेनुसार ९.३५ टक्के आहे, म्हणजे एक कोटीहून अधिक माणसे. तेव्हा या निधीवर गावाचा दावा आहे, आणि दावा असलेल्या माणसाने वेळेविषयी प्रश्न विचारला तर त्याला कृतघ्न म्हणता येत नाही.

पैसा वस्तूंच्या रूपाने वाटला की काय होते, याचा सविस्तर दस्तऐवज महाराष्ट्रापाशी आहे. आदिवासी विकास विभागाच्या २००४ ते २००९ या काळातील योजनांमधील गैरव्यवहारांची चौकशी निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांच्या समितीने केली आणि २०१७ मध्ये अहवाल दिला. तेल इंजिने, पाइप, दुभती जनावरे अशा वस्तूंच्या खरेदीत आणि वाटपात किती ठिकाणी गळती झाली, ते त्या चौकशीतून समोर आले. त्यानंतर वस्तूंऐवजी लाभार्थ्याच्या बँक खात्यात थेट रक्कम देण्याकडे शासनाचा कल वाढला. ही सुधारणाच आहे, तिचे मोल मी कमी लेखत नाही. तरीही पुष्कळ योजनांत लाभार्थ्याने आधी स्वतःच्या पैशाने वस्तू विकत घ्यायची, पावती लावायची आणि मग अनुदानाची वाट पाहायची असा क्रम असतो. ज्या कुटुंबाकडे आधी घालायला पैसे आहेत त्यालाच हे अनुदान मिळते, आणि ज्याच्यासाठी योजना आखली ते कुटुंब सावकाराकडे जाते किंवा अर्जच करत नाही. शिवाय एकेका कुटुंबाला दिलेली शिलाई यंत्रे आणि शेळ्या यांतून गावाची बाजारातील ताकद वाढत नाही. ती वाढायची असेल तर गावाला एकत्र विकत घेता आणि एकत्र विकता आले पाहिजे.

येथे खेळत्या भांडवलाचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते साऱ्या विषयाची नाडी याच ठिकाणी आहे. समजा, साठ घरांचे एक गाव आहे आणि दर घराने हंगामात दोन क्विंटल वाळलेले मोहफूल गोळा केले. गावाचे मिळून १२० क्विंटल झाले. केंद्राने २०२० मध्ये वाळलेल्या मोहफुलाची किमान आधारभूत किंमत किलोला १७ रुपयांवरून ३० रुपये केली. त्या दराने ग्रामसभेला हा माल गावातच विकत घ्यायचा असेल, तर तीन-चार आठवड्यांत ३ लाख ६० हजार रुपये रोख हातात हवेत. एवढी रक्कम हाती नसेल तर आधारभूत किंमत कागदावरच राहते. एप्रिलमध्ये घराघरांत तेल-मीठ संपलेले असते, लग्नसराई तोंडावर असते, आणि व्यापारी दारात वजनकाटा घेऊन उभा असतो. तो भाव कमी देतो, मात्र लगेच देतो. तेच फूल पावसाळ्यात त्याच गावातील माणसे चढ्या भावाने परत विकत घेताना मी पाहिली आहेत. ग्रामसभेजवळ साडेतीन लाखांचे फिरते भांडवल आणि एक कोरडे गोदाम असते, तर ही तफावत गावातच राहिली असती. शिवाय ही रक्कम एकदाच द्यायची आहे. माल विकला की ती परत खात्यात येते आणि पुढच्या हंगामात पुन्हा वापरता येते. वर्षानुवर्षे वस्तू वाटण्याहून हे शासनालाही स्वस्त पडेल.

केंद्राच्या वनधन योजनेत या दिशेचा विचार निश्चित होता. एप्रिल २०१८ मध्ये छत्तीसगडच्या विजापूर जिल्ह्यातून ही योजना सुरू झाली. साधारण वीस जणांचा एक असे पंधरा बचत गट, म्हणजे तीनशे संकलक मिळून एक वनधन विकास केंद्र, आणि त्याला पंधरा लाखांपर्यंत साहाय्य, अशी तिची रचना आहे. गौण वनोपज (इमारती लाकडाखेरीज जंगलातून मिळणारा माल) जसेच्या तसे न विकता त्यावर गावातच प्रक्रिया करावी, हा हेतू मला मनापासून मान्य आहे. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांच्या संस्थेने करोनाच्या काळात मागणी वाढलेली गुळवेल गोळा करून मोठ्या औषध कंपन्यांना पुरवली, तेव्हा या योजनेचा आधार किती मोलाचा ठरू शकतो ते दिसले. कातकरी समाज हा महाराष्ट्रातील कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासह विशेष दुर्बल आदिवासी समूहांत मोडतो. वीटभट्ट्यांवर उचल घेऊन राबण्याचा ज्यांच्या कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे, त्यांनी कंपनीशी पुरवठ्याचा करार करणे ही साधी गोष्ट नाही.

मात्र मी ज्या केंद्रांत बसून हिशेब पाहिले, तेथे यंत्र होते आणि कच्चा माल विकत घेण्यास पैसा नव्हता. दळणारे यंत्र, सुकवणीचे यंत्र, पॅकिंगची पिशवी आणि प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, एवढे सगळे असून वर्षातील बहुतेक दिवस कुलूप. यंत्राची खरेदी दाखवता येते, तिचा फोटो काढता येतो, मालमत्ता नोंदवहीत तिला क्रमांक मिळतो. खात्यात पडून राहिलेले खेळते भांडवल मात्र तपासणीच्या वेळी "अखर्चित निधी" ठरते आणि ते परत मागवले जाते. या एका लेखाशास्त्रीय सवयीने किती केंद्रे निजवली असतील, याचा विचार धोरण आखणाऱ्यांनी करावा असे मला कळकळीने वाटते.

ज्या गावांनी स्वतःचे अर्थकारण उभे केले, त्यांच्याकडे पाहिले तर क्रम उलटा दिसतो. तेथे आधी हक्क आला आणि मग निधी. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये, जंगलात राहणाऱ्यांचे जंगलावरील हक्क मान्य करणाऱ्या वनहक्क कायद्याखाली, सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार कोणाचा, यावर दोन वर्षे वाद चालला. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. ते पुस्तक हाती आले म्हणून बांबूचा भाव ठरवण्याचा अधिकार गावाचा झाला. त्याआधीच सर्वसहमतीने निर्णय घेण्याची, अभ्यासगटात बसून कायदा समजून घेण्याची आणि मजुरीतील ठरावीक वाटा ग्रामकोषात टाकण्याची सवय त्या गावाने अनेक वर्षे जोपासली होती. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा सर्वत्र पोचली, तिच्यामागची हिशेबाची शिस्त तेवढी पोचली नाही.

अमरावती जिल्ह्यातील पायविहीर येथे चित्र थोडे वेगळे आहे. २०१२ मध्ये गावाला मिळालेली वनजमीन मोठी नव्हती आणि बरीचशी उजाड होती. गावाने रोजगार हमीची कामे त्या जमिनीच्या मशागतीला जोडली, झाडे लावली, चराई आणि तोडीचे नियम केले, आणि पुढे तेथील सीताफळे बाहेरच्या बाजारात गेली. २०१४ मध्ये गावाला जैवविविधतेच्या कामाचा राष्ट्रीय पातळीवरील पुरस्कारही मिळाला. या गावाला कोणी अपूर्व योजना दिली नव्हती. सर्वांना उपलब्ध असलेलीच योजना त्यांनी आपल्या आराखड्यात बसवली, आणि हे त्यांना जमले कारण जमिनीवर काय करायचे हे ठरवण्याचा अधिकार ग्रामसभेकडे होता. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावाने तर तेंदूपत्ता तोडायचाच नाही असे ठरवले, कारण त्यासाठी झुडपे छाटावी आणि जंगल पेटवावे लागते, आणि बांबूवर भर दिला. हमखास रोख उत्पन्न देणाऱ्या गोष्टीला नकार देणारा हा निर्णय कोणत्याही योजनेच्या उद्दिष्टपत्रकात बसला नसता.

याचा अर्थ हक्क मिळाला की सारे सुरळीत होते असा नाही. तेंदूपत्त्याचा अनुभव त्या दृष्टीने बोलका आहे. सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, असा हा हिशेब फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, रोज संध्याकाळी मांडला जातो. ग्रामसभांनी स्वतः लिलाव करायला सुरुवात केल्यावर २०१७ च्या हंगामात भाव खूप चढले, आणि पुढच्याच वर्षी कोसळले. काही ठिकाणी ठेकेदारांकडून रक्कम थकली. ज्या ग्रामसभांनी चांगल्या वर्षातील रॉयल्टीचा काही भाग कोषात राखून ठेवला होता, त्यांनी मजुरांना वेळेवर पैसे दिले. बाकीच्यांना महिनोन्‌महिने ठेकेदाराचे उंबरे झिजवावे लागले. भावातील अशा चढउतारांसाठी एखादा जोखीम निधी असावा ही मागणी कोरची-कुरखेड्याकडच्या बैठकांत मी वारंवार ऐकली आहे. तिच्यासाठी अर्थसंकल्पात एकही लेखाशीर्ष (खर्चाची नोंद करण्याचे सदर) मला आजवर सापडलेले नाही.

खात्याचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्राने आदिवासी उपयोजनेच्या निधीतील पाच टक्के रक्कम अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णय घेतला. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याच्या अंमलबजावणीतील हे एक चांगले पाऊल आहे, कारण हा पैसा कशावर खर्च करायचा हे ठरवताना ग्रामसभेला बोलता येते. अडचण अशी, की आमच्याकडे एका ग्रामपंचायतीत चार-पाच गावे आणि टोले (लहान वस्त्या) असतात, त्यांच्या ग्रामसभा वेगवेगळ्या असतात, आणि खाते मात्र ग्रामपंचायतीच्या पातळीवर चालते. दूरच्या टोल्याचा ठराव सचिवाच्या टेबलापर्यंत पोचतो, पुढे सरकेलच असे नाही. पेसाच्या व्याख्येप्रमाणे परंपरेने स्वतःचा कारभार पाहणारा पाडा किंवा टोलासुद्धा गाव ठरू शकतो. व्याख्या इतकी स्पष्ट असताना बँक खातेही त्याच पातळीवर नेण्यात कोणती अडचण आहे, ते मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

ग्रामसभांच्या हाती पैसा दिला तर तो नीट वापरला जाईल का, ही शंका अधिकारी नेहमी बोलून दाखवतात, आणि ती मी झटकून टाकणार नाही. हिशेबावरून भांडणे झालेल्या ग्रामसभा मला माहीत आहेत. सभेत बायकांची संख्या दिसते आणि खात्यावर सही करणारे दोघेही पुरुष असतात, असेही पाहिले आहे. मात्र यावरचा उपाय हिशेब ठेवणारा माणूस देणे हा आहे. लाखोंची तेंदूपत्ता विक्री करणाऱ्या ग्रामसभेला पॅन लागतो, विवरणपत्र भरावे लागते, ठेकेदाराने कापलेला कर परत मिळवावा लागतो, मजुरांच्या याद्या ठेवाव्या लागतात. हे काम गावातील दहावी-बारावी झालेली मुलगी सहा महिन्यांच्या सरावानंतर उत्तम करते, हा माझा अनुभव आहे. तिला दरमहा मानधन देण्यासाठी मात्र अनुदानात तरतूद नसते. इमारतीसाठी असते, संगणकासाठी असते, फलकासाठी तर हमखास असते. माझे म्हणणे इतकेच, की त्या फलकाचे पैसे तिला द्यावेत.

वनहक्क कायद्याच्या नियमांत २०१२ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा हक्क मिळालेल्यांना सर्व खात्यांच्या योजनांचा लाभ मिळेल याची जबाबदारी नियम १६ ने राज्य शासनावर टाकली. त्यानंतरही मोठ्या घोषणा होत आल्या आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये विशेष दुर्बल समूहांसाठी सुमारे २४ हजार कोटींचे पीएम-जनमन अभियान आले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सतरा मंत्रालयांना एकत्र आणणारे, पाच वर्षांत ७९ हजार कोटींहून अधिक खर्चाचे धरती आबा जनजातीय ग्राम उत्कर्ष अभियान. घरे, रस्ते, वीज, पाणी यांची गरज आहेच. या मोठ्या रकमेतील अगदी लहान भाग जरी सामूहिक वनहक्क असलेल्या ग्रामसभांना फिरते भांडवल म्हणून मिळाला, तो डिसेंबर-जानेवारीत त्यांच्या स्वतःच्या खात्यावर पोचला, आणि त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामी वापरल्याचा दाखला) दोन हंगाम पूर्ण झाल्यावर मागितले गेले, तर मोहफुलाच्या साठवणीपासून बांबूच्या विक्रीपर्यंत पुष्कळ गोष्टी गावे स्वतः उभ्या करतील. यासाठी नवा कायदा लागत नाही. वितरणाच्या तारखा आणि लेखा नियमांतील एक-दोन कलमे बदलली तरी पुरेसे आहे.

तोवर ज्या ग्रामसभांना सामूहिक हक्क मिळाला आहे त्यांनी पुढील हंगामासाठीचे ठराव पोळ्याच्या सुमारास करावेत. त्यांत वस्तूच्या नावाबरोबर ती कोणत्या महिन्याच्या आत हवी तेही स्पष्ट लिहावे, ठरावाची प्रत आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात आणि पंचायत समितीत देऊन पोच घ्यावी, आणि उशीर झाल्यास वस्तू स्वीकारणार नाही असे वाक्य ठरावातच घालावे. गेल्या वर्षी एका ग्रामसभेने असे वाक्य घातले होते. त्यांची ताडपत्री फेब्रुवारीत आली.